विन्सलो गावडे हयात आहे

‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.’

हे वाक्य मी आजवर किती वेळा टाइप केलं असेल, कोण जाणे. आधी टाइपरायटरवर, दोन कार्बन घालून. नंतर कॉम्प्युटरवर. बेळगावच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत मी प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. भाडेकरार, हमीपत्रं असं सगळंच येतं. पण माझ्याकडं गर्दी होते ती नावबदलासाठी. माणूस काय म्हणतो ते ऐकायचं, कायद्याच्या भाषेत बसवायचं, शेजारच्या नोटरी वकिलांसमोर त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. मग त्याने पेपरात जाहिरात द्यायची. झालं, माणूस बदलला.

वडगावात आमच्या घरी माग होते. वडील साड्या विणायचे. घरात पहिली पदवीधर मीच, तीही इंग्रजी घेऊन. मागांच्या खडखडाटात धडा ऐकू यावा म्हणून मी ओरडून वाचायची, आणि वडील मध्येच माग थांबवून विचारायचे, “एवढं ओरडलीस, पण अर्थ काय गं त्याचा?” माझे हायस्कूलचे इंग्रजीचे सर त्यांच्या घरून मला एक जाडजूड शब्दकोश द्यायचे, शनिवारी नेऊन सोमवारी परत करायच्या बोलीवर. वडिलांचा तो प्रश्न आणि सरांचा तो शब्दकोश यांच्या जोरावर मी आज दोन घास खाते. हे लिहून ठेवलेलं बरं.

नावाच्या धंद्यात माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा एक जण आला. जन्मदाखल्यावर बाळू, शाळेत बाळासाहेब, रेशनकार्डावर बाळकृष्ण. म्हणाला, “आक्का, या तिघांतला एक तरी मी हाय, असं लिवा की.” शहापूरच्या एक वृद्ध बाई आल्या होत्या. लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव त्यांना काढायचं होतं, माहेरचं परत लावायचं होतं. या वयात कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “त्या नावानं हाक मारणारी सगळी माणसं गेली गं बाई. आता कुणासाठी ठेवू?” त्यांचा कागद मी मन लावून टाइप केला.

पण दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते एकच नाव. ते नाव मी दोनदा टाइप केलं असतं. एकदा केलं. त्या एकदाचीच रुखरुख आहे.

तेव्हा माझ्या टेबलावर टाइपरायटर होता आणि मला कामाला लागून तीन पावसाळे झाले होते. जांबोटीच्या पलीकडं रानात वाडी असलेले दोघे भाऊ आले. थोरल्याचं नाव नागोजी गावडे. पटका बांधलेला, बोलणं कमी. धाकटा बावीस-तेवीस वर्षांचा, कृष्णा. कृष्णाचं नाव बदलून ‘विन्सलो’ करायचं होतं.

मला आधी वाटलं, हे ख्रिस्ती असतील. आपल्याकडं कॅम्पात, खानापूरच्या बाजूला इंग्रजी नावांची माणसं पुष्कळ. पण यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. नागोजीअण्णा म्हणाले, “आमच्या घरात चालत आलेलं नाव हाय. उताऱ्यावर बी तेच हाय. ह्यो आन् उताऱ्यावरचं माणूस एकच, असं लिवा. आन् खाली लिवा, विन्सलो गावडे हयात आहे. तेवढं वाक्य पाहिजेच.”

शेतीच्या उताऱ्यावर खरंच ‘विन्सलो गावडे’ असं नाव होतं. कागद जुना, नाव जुनं. हा पोरगा तर काल मिसरूड फुटलेला. मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. इंग्रजी नाव इंग्रजीत झोकदार टाइप करायला मिळालं, याचाच मला जास्त आनंद झाला होता.

अंगठा घेताना दिसलं, कृष्णाच्या डाव्या अंगठ्यावर एक तिरका व्रण होता. ताजाच. ठशात मधोमध पांढरी रेघ उमटली. नागोजीअण्णा सुट्टे आणायला गेले तेवढ्यात त्याने हळूच विचारलं, “आक्का, तुम्ही इंग्रजी शिकलाव न्हवं? या नावाचा अर्थ काय हो?”

माझ्या वडिलांचाच प्रश्न. आणि मला उत्तर येत नव्हतं. “शोधून ठेवते,” मी म्हणाले. “पुढच्या खेपेला आलास की सांगते.”

“येतो की,” तो म्हणाला. आणि जाताना नागोजीअण्णांनी त्याला ‘विन्सलो’ म्हणून हाक मारली, तेव्हा तो दोन पावलं पुढं गेला आणि मग थांबला. ते आपल्याला बोलावत आहेत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

मी शोधलं. सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्याकडं आता नावांचाही एक कोश होता. विन्सलो हे मुळात इंग्लंडातल्या एका गावाचं नाव. त्या गावची माणसं दुसरीकडं राहायला गेली, की लोक त्यांना गावाच्या नावानं ओळखायचे, तेच आडनाव झालं; आपल्याकडं निपाणीकर होतात तसं. पुढं इंग्रजांत आडनाव उचलून पोराला नाव म्हणून ठेवायची रीत पडली. आईच्या माहेरचं आडनाव, नाहीतर उपकार केलेल्या माणसाचं आडनाव. म्हणजे आपण पाळण्यात पोराच्या कानात ‘निपाणीकर’ म्हणावं, तसं. इथवर मला मजा वाटली. मग गावाच्या नावाचा अर्थ पाहिला. त्यांच्या जुन्या भाषेतले दोन शब्द जोडलेले होते. शेवटचा शब्द टेकाडाचा. मेलेल्या माणसावर माती-दगड घालून केलेल्या ढिगाऱ्यालाही तोच. पहिला शब्द कुणा माणसाचं नाव, आणि त्या नावाचा अर्थ मित्र.

मित्राचं थडगं.

सरांनी कोश मिटला. “पोराला सांगू नकोस,” म्हणाले. “नावाचा अर्थ कोण बघतो.”

कृष्णा पुढं आलाच नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पण दर पावसाळ्यात एखाद्या दिवशी मान वर करताना वाटायचं, टेबलासमोर तो उभा आहे आणि विचारणार आहे.

मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली.

गेल्या वर्षी भर दुपारी नागोजीअण्णा आले. पटका तोच, चेहरा वाळलेला. सोबत एक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि दहाएक वर्षांचा मुलगा. मुलगा बाकावर बसला तो पाय पोटाशी घेऊन, हनुवटी गुडघ्यावर टेकून. म्हातारी माणसं शेकोटीजवळ बसतात तसा.

“नाव बदलायचं हाय,” अण्णा म्हणाले आणि शाळेचा दाखला पुढं केला. “आता उताऱ्याला आधार जोडायचं आलंय. उताऱ्यावरच्या नावाचं जितं माणूस पाहिजे म्हणत्यात.”

दाखल्यावर नाव होतं मारुती कृष्णा गावडे. मी मुलाकडं बघून म्हटलं, “मारुती?”

तो रस्त्याकडं बघत राहिला.

“मारुती, ये बाळ इकडं.”

काही नाही. त्याला ऐकू कमी येतं की काय, असं मला वाटलं. नागोजीअण्णांनी आवाज न चढवता म्हटलं, “विन्सलो.”

मुलगा लगेच उठला, माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “अंगठा कुठं देऊ?” त्याच्या डाव्या अंगठ्याला हळदीचं फडकं बांधलेलं होतं.

मी कागदपत्रांची जुनी पेटी उघडली. वेगळी वाटलेली प्रतिज्ञापत्रं मी तिच्यात ठेवते. कृष्णाच्या कागदाची कार्बन प्रत सापडली. निळी, कडा पिवळ्या पडलेल्या. तळाशी माझंच वाक्य: विन्सलो गावडे हयात आहे. बाजूला ठसा, मधोमध पांढरी रेघ.

“बाळ, फडकं सोड बघू.”

व्रण तिरका होता. त्याच जागी. मी ठशावर नजर ठेवली, मग अंगठ्यावर, मग पुन्हा ठशावर.

“हे कशानं लागलं, अण्णा?”

“लागलं न्हाय. नाव देताना विळ्याचं टोक लावायची रीत हाय. रक्ताचा थेंब सायबाच्या दगडावर.”

“आणि याचा बाप कुठाय? पोर लहान आहे, सही बापाची लागते.”

“गोव्याला,” अण्णा म्हणाले. “कामाला गेलाय. आईचा अंगठा घ्या की.”

मी बाईंकडं पाहिलं. त्या माझ्या हातातल्या कार्बन प्रतीकडं पाहत होत्या. अक्षरं नव्हेत, ठसा बघत होत्या. त्यांनी बोट पुढं केलं आणि त्या पांढऱ्या रेघेवरून हलकेच फिरवलं.

आता आमच्या कामातली एक साधी गोष्ट सांगते. बाई सही करणार असेल तर तिच्या नावापुढं एक जागा सोडलेली असते. तिथं अमक्याची पत्नी, नाहीतर अमक्याची विधवा, असं लिहावं लागतं. ती जागा रिकामी ठेवता येत नाही. इतक्या वर्षांत मी ती जागा समोरच्या बाईचं कपाळ बघून भरत आले. कुंकू असलं की पत्नी. विचारायची गरज पडत नसे. त्या दिवशी मात्र मी बोटं कीबोर्डवरून उचलली.

“बाई, तुमचं नाव?”

“रेणुका.”

“रेणुकाबाई, इथं मी काय लिहू? पत्नी, की विधवा?”

“कपाळ दिसंना व्हय तुम्हाला?” अण्णा फटकन म्हणाले.

“दिसतंय अण्णा. पण मी त्यांना विचारतेय.”

शेडमध्ये आणखी चार टेबलं होती. सगळीकडं टाइप चालू होतं. रेणुकाबाईंनी पदराचं टोक धरलं, कपाळावर ठेवलं आणि पुसलं. एकदा पुसून जाईना, तर दुसऱ्यांदा घासलं.

“लिवा,” त्या म्हणाल्या.

“काय केलीस गं हे!” अण्णा उठून उभे राहिले.

“तेरा म्हयने झालं, अण्णा. तापानं गेलं ते माझ्या मांडीवर. तुम्ही उचलून दगडाखाली घातलासा. रडू दिलासा न्हाय, दहावा केलासा न्हाय. कुणी इचारलं तर गोव्याला म्हण म्हणालासा. तेरा म्हयने मी रोज कुंकू लावलं. आन् हे पोरगं...” त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “हे त्यांच्यागत बसतंय. त्यांच्यागत खोकतंय. मारुती म्हटलं तर ओ देईना झालंय. त्याला जन्म मी दिलोय. मरण तरी ज्याचं त्याला ऱ्हाऊ द्या.”

मग त्या दुपारी हळूहळू सगळं कळलं. अण्णांनीच सांगितलं, खाली बघत. फार पूर्वी रानातल्या रस्त्याची आखणी करायला एक इंग्रज आला होता. त्याला थंडीताप भरला, बरोबरची माणसं भिऊन पळाली. गावड्यांच्या घरानं त्याला पेज पाजून जगवलं. त्यानं उपकार म्हणून खटपट करून भाताची ती जमीन घरातल्या तान्ह्या पोराच्या नावावर चढवली, आणि पोराला स्वतःचं नाव दिलं. दोन वर्षांनी तो त्याच रानात मेला. मरताना म्हणाला म्हणे, की नाव आहे तोवर जमीन आहे. त्याच्यावर दगड रचले. पुढं ते पोर मोठं होऊन मेलं, तेव्हा घरचे घाबरले: नाव गेलं तर? त्यांनी त्याला गुपचूप सायबाशेजारी ठेवलं आणि पुतण्याला नाव दिलं. पुतण्या मेला, त्याच्या पुतण्याला दिलं. मग कृष्णाला. उताऱ्यावर कधी वारसा लागलाच नाही. इतक्या पिढ्यांत विन्सलो गावडे एकदाही मेला नव्हता.

“आन् नाव दिलं की माणूस बदलतं, आक्का,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “म्या बघितलंय. किस्ना लई गमत्या होता. नाव दिल्यावर सांजचं जाऊन ढिगाऱ्यापाशी बसायचा. काय करतोस रं म्हटलं, तर म्हणायचा, बोलवत्यात.”

“त्याने मला या नावाचा अर्थ विचारला होता,” मी म्हणाले. “मी शोधून ठेवला. सांगायचा राहिला.”

आणि मी सांगितला. गाव, गावावरून आडनाव, आडनावावरून नाव. आणि मग उरलेलंही.

अण्णांनी पटका सारखा केला. “म्हंजे सायबाचं नाव बी त्याचं सवताचं न्हवतं? आपल्या निपाणीकरावानी?”

“तसंच.”

“आन् मैतराचं थडगं.” त्यांनी शब्द तोंडात घोळवले. “मैतराचं थडगं एकच असाया पाहिजे न्हवं? आमी तिथं पाच जणं घातलाव.”

“जमीन जाईल याची भीती आहे ना तुम्हाला? मेलेल्याची जमीन जात नाही, अण्णा. ती वारसाला मिळते. न मेलेल्याचीच जाते. उद्या कोणी विचारलं, दाखवा तुमचा विन्सलो, तर कुणाला उभं करणार?”

त्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा पुन्हा पाय पोटाशी घेऊन बसला होता.

“लिवा,” ते म्हणाले.

मृत्यूची नोंद इतक्या उशिरा करायची तर कोर्टाचा हुकूम लागतो. त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं प्रतिज्ञापत्र. कोण मेला, कशानं, साक्षीदार कोण. मी एकेक कागद लावत गेले आणि अण्णा एकेका माणसाचं खरं नाव आठवत गेले. कृष्णा, तापाने. त्याच्या आधी भैरू; अण्णांचा चुलता, गव्याने मारलेला. शिंगावर घेऊन ओढ्यापलीकडं फेकला होता, म्हणाले, आणि पटक्यानं तोंड झाकलं. भैरूच्या आधी गोविंद. त्याचं नाव काही केल्या आठवेना. चहा आणवला, बिडी ओढून आले, तेव्हा आठवलं. “गोविंदा. माझी आजी एकदाच म्हणालती. चुलीपुढं, कुणी नसताना.” आणि सगळ्यांत आधीचा तो एकटाच जन्मापासून विन्सलो.

एका दुपारी मी चार माणसांचं मरण टाइप केलं. नोटरी वकील प्रत्येक कागदावर शिक्का मारताना माझ्याकडं बघत होते. शेवटच्या कागदावर अण्णांचा अंगठा घेतला. त्यांच्या अंगठ्यावर व्रण नव्हता. मी बघितलं ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “हे नाव आधी मला ठेवणार हुते. आईनं लपवलं. म्हणून किस्नावर गेलं.”

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतकी वर्षं कमी का बोलतो.

हुकूम यायला वर्ष लागलं. उतारा रेणुका आणि मारुती यांच्या नावे झाला, आणि यंदाच्या उन्हाळ्यात गावड्यांनी चौघांचे राहिलेले विधी एकदमच केले. मला बोलावणं होतं. जांबोटीला उतरून पुढं तासभर चालले.

ढिगारा मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. भाताच्या खाचराच्या कडेला, काळ्या दगडांचा, माझ्या खांद्याएवढा उंच. खाली एक घडीव दगड, त्यावर इंग्रजीत तेवढं एकच नाव. पुढं नाही, मागं नाही, तारीख नाही. माझ्या कामाच्या सवयीने मी शोधत होते, की हे नाव आहे की आडनाव. त्या दगडावरून सांगता येत नव्हतं. मारुती त्या दगडाकडं पाठ करून बसला होता. वर्षभर रेणुकाबाई त्याला रोज त्याच्या नावाने उठवत, जेवायला बोलवत, रागवत आल्या होत्या. तो कधी ओ द्यायचा, कधी नाही.

भटजींनी चौघांची नावं घेतली. कृष्णाचं नाव आलं तेव्हा रेणुकाबाईंनी ते ओठांत उच्चारलं. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं असावं. पानं वाढली, जेवणं झाली. ऊन उतरणीला लागलं. शेवटची बस लवकर होती आणि अण्णा मला पोचवायला निघाले. वाटेला लागताना ते वळले आणि सवयीने हाक मारून बसले,

“विन्सलो! चल रं, आक्कांची पिशवी घे.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. बायकांचे भांडी घासणारे हात थांबले. ढिगाऱ्यावरचा एक दगड सुटला, दुसऱ्यावर आपटला आणि घरंगळत खाचरात आला. वारा नव्हता. आम्ही सगळे तिकडं बघत राहिलो. कुणी पुढं जाईना.

मुलगा बांधावर पाय सोडून बसला होता. त्याने मान वळवली नाही. तो केळं सोलत होता, आणि साल एका लांब पट्टीत निघावी म्हणून जीभ बाहेर काढून धडपडत होता.

“मारुती,” रेणुकाबाईंनी हळूच म्हटलं.

“आलो की गं,” तो म्हणाला आणि केळं तोंडात कोंबून उडी मारून उठला.